केळुसकरकाकांची बरगडी

केळुसकरकाकांच्या गच्चीवरच्या टीव्हीच्या अँटेनाला परकराचा नाडा बांधलेला असे. लाल नाडा, काकूंच्या जुन्या परकरातून ओढून काढलेला. रोज सकाळी दात घासायच्याही आधी काका वर जात, कमरेवर हात ठेवून त्या नाड्याकडे बघत, आणि खाली उतरता उतरता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देत. "आज पुरवा. फुकट गेला दिवस." पुरवा म्हणजे पूर्वेकडून येणारा वारा. त्याच्याशी त्यांचं वैर होतं. पश्चिमेचा पछुवा सुटून नाडा ताठ झाला, की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा आणि काकूंना सकाळी सकाळी डबा भरायला लागायचा.

लखनौला समुद्र नाही, हे वाक्य मी त्यांच्यापुढे एकदाच बोलले. "गोमती काय गटार आहे?" असं त्यांनी विचारलं आणि मग दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

वेंगुर्ल्याच्या बाजूला खाडीकाठी वाढलेला हा माणूस. एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून अलीगंजात आला आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिला. एका घरात खाली ते आणि वर आम्ही, दोघेही भाडेकरू. आमच्या ह्यांची बँकेची फिरतीची नोकरी आणि माझी शाळा. काकांच्या डोक्यातली खाडी काही गेली नव्हती. शेवटी मागच्या अंगणात त्यांनी स्वतःच्या हातांनी होडी बांधली, शिडाची. गोमतीवर नावा पुष्कळ, पण सगळ्या वल्ह्यांच्या. शीड लावून फिरणारे हे एकटेच. पुलावरून जाणारे लोक सायकली थांबवून बघत, आणि काका आपण बघितलंच नाही असं दाखवत.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "हा शुद्ध अन्याय आहे." वीज गेली तर अन्याय. मटार महागला तर अन्याय. भैयाने कोथिंबीर फुकट दिली नाही तर तोही. असं सगळं हयातभर अंगावर घेतलेल्या माणसावर त्या वर्षी खरोखरच अन्याय झाला.

पछुवा होळीच्या सुमारास सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. नंतर लूचा गरम वारा असा भाजतो की नदीवर माणूस टिकत नाही. म्हणजे काकांचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. आणि त्या वर्षीचा हंगाम शेवटचा होता. पुण्याला मुलाने फ्लॅट घेतला होता, जूनमध्ये सामान हलायचं होतं. होडी ट्रकमध्ये मावणार नव्हती आणि मावली असती तरी पुण्यात कुठे ठेवणार? घाटावरचा एक नाववाला ती घ्यायला तयार होता, शीड काढून वल्ही लावण्याच्या अटीवर. "शेवटचा हंगाम आहे गो. एक दिवस वाया घालवणार नाही," असं ते फेब्रुवारीपासून घोकत होते.

होळीला आम्ही महानगर मोहल्ल्यात माझ्या मैत्रिणीकडे गेलो होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा दोन बातम्या थांबल्या होत्या. पहिली ही, की शेजारचे तिवारीजी गुलाल घेऊन काकांकडे आले आणि दोघांचं गोड झालं. ही बातमी छोटी नव्हे. तिवारीजी रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी आखाड्यात घुमलेले, दारातून आत आले की खोलीत अंधार पडावा असे. काका होडी बांधत असताना ठोकाठोकीने त्यांची दुपारची झोप उडाली, म्हणून त्यांनी नगरपालिकेचा माणूस बोलावून आणला होता, 'घरात कारखाना चालतो' म्हणून. तेव्हापासून वर्षानुवर्षं बोलणं बंद. भिंतीपलीकडचे निरोप माझ्यामार्फत जात. "तिवारीला सांग, तुमचा पेरू आमच्याकडे पडतो." "केलुस्कर साहब से कहिए, रख लें।"

दुसरी बातमी, काकांची बरगडी दुखावली होती. डाव्या कुशीला हात धरून ते खुर्चीत बसले होते. "होडी उघडून बघत होतो. शिडाची आडवी काठी फिरली ती बसली इथं," ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून मी त्यांना जवळच्याच कपूरथला चौकात डॉक्टरकडे नेलं. अलीगंज ते कपूरथला हे काही फार अंतर नाही, पण प्रत्येक खड्ड्याला ते मागून माझं नाव घेत होते. फोटो काढला. बारीकशी चीर होती.

"कुछ नहीं करना है," डॉक्टर म्हणाले. "आराम कीजिए। महीना-डेढ़ महीना वज़न मत उठाइए, कुछ खींचिए मत।"

"कुछ नहीं मतलब?" काकांचं हिंदी इतक्या वर्षांनंतरही वेंगुर्ल्याहून निघायचं. "हड्डी तुट्या है ना? प्लास्टर नहीं घालेगा?"

"पसली पर प्लास्टर नहीं होता, बाबूजी।"

घरी येईपर्यंत मी ऐकत होते. हात मोडला तर प्लास्टर. पाय मोडला तर प्लास्टर, वर लोक येऊन त्यावर सह्या करतात. बरगडीने काय पाप केलंय? लोकांना कळणार कसं, की ह्या माणसाचं काही मोडलंय? हा शुद्ध अन्याय आहे.

लोकांना कळावं याची सोय त्यांनी स्वतः केली. काकूंनी अभ्रा शिवलेली एक छोटी उशी ते सदानकदा छातीशी धरून फिरू लागले, कारण खोकला आला की उशी दाबून खोकायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उशी घेऊन ते दुधाच्या रांगेत उभे राहत. उशी घेऊन बँकेत जात. रात्री आडवं होता येत नाही म्हणून खुर्चीत बसून झोपत आणि पहाटे आम्हाला वर ऐकू येईल अशा बेताने कण्हत. हसलं की दुखतं, म्हणून त्यांच्यासमोर विनोद करायला बंदी झाली. आमच्या ह्यांनी चुकून एकदा बँकेतला किस्सा सांगितला तर काका उशी आवळून, डोळ्यांत पाणी आणून ओरडले, "ह्याला बाहेर काढा." काकू शांतपणे ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही रडकं काहीतरी सांगा."

तुम्ही म्हणाल, दुखणं आहे, समजून घ्यावं. घेतलं. पण किती घ्यायचं? जिना चढायचा नाही म्हणून नाडा बघायला रोज मला गच्चीवर पाठवायचे. शाळेत जायच्या घाईत मी वरून ओरडायची, "पछुवा." की खालून असा काही चेहरा करून बघायचे, जणू वारा मीच सोडला. आणि त्या वर्षी पछुवाही असा लागला होता की विचारू नका, रोज, सरळ, दमदार. एप्रिल सगळा गेला. होडी घाटावर ताडपत्रीखाली पडून, काका खुर्चीत.

ह्या सगळ्यापेक्षा मला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. 'माझ्या शिडाने मला आजवर ओरखडा काढला नाही' अशी बढाई ज्यांनी चारचौघांत मारली, त्यांची पानाच्या ठेल्यावर रोज टिंगल चालली होती. "कप्तान साहब को उन्हीं की नाव ने पीट दिया।" एरवी वीज मंडळाच्या माणसाची कॉलर धरणारे काका ही टिंगल निमूट ऐकून घेत. आणि तिवारीजी तर रोज संध्याकाळी हळदीचं दूध घेऊन येऊन बसायला लागले. आग्रहाने पाजायचे आणि मग प्रवचन. "मैं तो पहले ही कहता था। नाव भी कोई पालने की चीज़ है? लग गई न?"

"लग गई," काका म्हणत.

नगरपालिकेचा माणूस आणणाऱ्याचं हे बोलणं? मी एकदा तिथंच भडकले. म्हटलं, "काका, तुम्ही ह्यांना काही बोलत का नाही?" काकांनी दूध संपवलं आणि मला आत जाऊन काकूंना मदत करायला सांगितलं. मला. शाळेतून दमून आलेल्या बाईला.

मेचा दुसरा आठवडा आला आणि एका रविवारी काका उशी न घेता बाहेर आले. आज जायचं म्हणाले. सुकाणू धरता येत होतं, पण शिडाची दोरी ओढणं अजून जमणार नव्हतं. आमचे हे दौऱ्यावर. मला पोहता येत नाही. तेवढ्यात भिंतीवरून तिवारीजींचं डोकं वर आलं. "रस्सी ही तो खींचनी है? मैं चलता हूँ।" त्यांनाही पोहता येत नव्हतं, हे त्यांनी घाटावर पोचल्यावर सांगितलं. बुडालेच तर पुलावरच्या लोकांना हाका मारायला कोणीतरी पाहिजे म्हणून मीही होडीत बसले.

तिवारीजी बसले तशी होडी एका अंगाला झुकली. काकांनी मला दुसऱ्या बाजूला बसवलं, माझ्या मांडीवर डब्याची पिशवी आणि दोन विटा ठेवल्या, तेव्हा कुठे ती सरळ झाली. मग शीड भरलं. मी त्याआधी कधी त्या होडीत बसले नव्हते. आवाज नाही, वल्ही नाहीत, आणि काठावरची झाडं मागे जायला लागली. तिवारीजी आधी 'हे राम' म्हणाले आणि मग लहान मुलासारखे हसायला लागले. "खींचो," काका म्हणायचे. "छोडो. अरे इतना नहीं." दोघांची जोडी अशी जमली होती, की माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दोन फेऱ्या झाल्यावर तिवारीजी खुशीत माझ्याकडे वळले. "बिटिया, आप तो होली पर थीं नहीं। इतने साल की बात थी। मैंने सोचा, आज नहीं तो कब? गेट खोला और जो गले लगाया इनको, ज़मीन से उठा लिया। कड़ से आवाज़ आई। मैं समझा, जेब में पापड़ रखा होगा।"

मी काकांकडे बघितलं. ते शिडाकडे बघत होते. त्या दिवशी काठी त्यांना लागलीच नव्हती.

घाटावर उतरल्यावर तिवारीजी पान आणायला गेले आणि मी काकांना धरलं. म्हटलं, अख्खा हंगाम गेला तुमचा, शेवटचा. अख्ख्या अलीगंजात नाचक्की झाली. आणि ज्याने केलं तो रोज येऊन तुम्हालाच शहाणपणा शिकवतो. मी आत्ता जाऊन सांगते त्यांना.

"खबरदार," काका म्हणाले. ते पायरीवर बसले, हळूच, कुशीला हात लावून. "दोन्ही मुलगे परदेशात त्याचे. बायको गेली तेव्हा मी भेटायलासुद्धा गेलो नाही, बोलणं बंद होतं ना. तो आला आपणहून, एवढ्या वर्षांनी. त्याला सांगू, तू माझं हाड मोडलंस? पुन्हा कुणाला जवळ घ्यायची हिंमत व्हायची नाही त्याची. मी सुटेन जूनमध्ये. त्याला इथंच राहायचंय."

"म्हणून स्वतःचा हंगाम घालवायचा?"

पलीकडून तिवारीजी तीन पानं घेऊन येताना दिसत होते. काका त्यांच्याकडेच बघत, माझ्याशी फक्त रागावल्यावर बोलायचे त्या मालवणीत म्हणाले, पण राग नव्हता.

"तुका काय कळतला? थंय पुण्यात माका असो घट कोण धरतलो?"

मी पिशवी उचलली आणि बाजूला सरकले, तिवारीजींना काकांच्या शेजारी जागा करून दिली.