प्रवेश पलीकडून

कात्रीकाकांच्या केशकर्तनालयातली खुर्ची खचायची. मोडकी नव्हती हो, दिसायला अगदी राजेशाही. पण गिऱ्हाईक बसलं की ‘फुस्स’ करायची आणि हळूहळू खाली जायची. कटिंग सुरू होताना गिऱ्हाइकाचं डोकं काकांच्या छातीशी असे आणि संपताना काका गुडघ्यांवर बसून त्याच्या कानामागचे केस साफ करत असत. महामारीआधी लोकांनी हे सोसलं. मग दीड वर्ष दुकान बंद राहिलं, लोक घरीच बायकोकडून केस कापून घ्यायला शिकले आणि त्यांच्या लक्षात आलं, की घरची खुर्ची जागच्या जागी राहते.

“आता पुरे,” काकू म्हणाल्या. “दादाच्या टायरच्या दुकानात पंक्चर काढायला माणूस हवाय. त्यानं तुमच्यासाठी जागा राखून ठेवलीय.”

“मेहुण्याच्या हाताखाली काम करू?”

“हाताखाली नाही, गाडीखाली. दादा आहे म्हणून विचारतोय तरी!”

मेहुण्याचं दुकान रस्त्यापलीकडे, बरोब्बर समोर. तो रोज सकाळी टायरवर पाय ठेवून ओरडायचा, “काय दाजी, कधी येताय?”

त्याच आठवड्यात वस्तीतले लहान धंदे पुन्हा उभे करायची योजना निघाली. काकांनी अर्जात एकच शब्द लिहिला: खुर्ची. त्यावर एक खोकं आलं. त्यात जमिनीवर चिकटवायची आठ पिवळी वर्तुळं, ‘प्रवेश बंद’ अशी पाटी आणि नियमांची पुस्तिका. आठही वर्तुळं सरळ रेषेत, सहा-सहा फुटांवर, एकाच छताखाली हवीत. गुरुवारी साहेब पाहणीला येतील. पास झालात तर खुर्ची.

काकांचं दुकान आठ फूट लांब.

दुसरा कुणी असता तर कार्यालयात जाऊन भांडला असता. पण काका तीस वर्षं लोकांचे भांग सरळ पाडत आलेले. सरळ रेष म्हटलं की त्यांना राहवत नसे. पहिलं वर्तुळ त्यांनी खुर्चीजवळ चिकटवलं. दुसऱ्यासाठी सहा फूट मोजले, तर टेप फळ्यांच्या भिंतीवर जाऊन आपटली. भिंतीपलीकडे टेलरमास्तर. त्यांच्या पलीकडे चष्मेवाल्या वहिनी, मग गादीवाला, आणि शेवटी घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. काकांनी वर पाहिलं. पाचही दुकानांवर एकच लांबलचक पत्रा.

“छत तर एकच आहे!” म्हणत त्यांनी करवत आणली.

टेलरमास्तर सुईत दोरा ओवत होते. भिंतीतून करवतीचे दात बाहेर आले. पाठोपाठ काकांचं नाक आलं.

“मास्तर, जरा ते शिलाई मशीन सरकवता का? तिथं माझं गिऱ्हाईक उभं राहणार आहे.”

“तुझं गिऱ्हाईक माझ्या दुकानात? आणि मी काय करू, त्याला पंख्यानं वारा घालू?”

“गुरुवारपर्यंतच हो! नाहीतर मला मेहुण्याकडे टायर उचलावे लागतील.”

मेहुण्याचं नाव निघताच मास्तर विरघळले. त्यांनाही एक मेहुणा होता.

संध्याकाळपर्यंत चार भिंतींना चार दारं पडली आणि आठवं वर्तुळ घड्याळवाल्या आजोबांच्या दुकानात जाऊन बसलं. म्हणजे रांग तिकडून सुरू होणार. काकांनी ‘प्रवेश बंद’ची पाटी स्वतःच्याच दारावर लावली आणि खाली खडूनं लिहिलं: ‘प्रवेश पलीकडून’.

आता गंमत अशी, की शिंप्यापुढे माणूस नुसता उभा राहिला तर शिंप्याचे हात शिवशिवतात. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती मास्तरांनी सवयीनं टेप टाकली. दीड वर्ष घरी बसून कुणाचीच पँट कुणाला होत नव्हती. “चार इंच वाढलात, राव! श्वास घेताय की नाही?” मास्तर म्हणाले, आणि पँट शिवायला पडली. वहिनींच्या वर्तुळावर उभं राहिलं की समोर अक्षरांचा तक्ता; सगळ्यांचे डोळे मोबाइल बघून अधू झालेले. गादीवाल्याकडे जमीनच दिसत नसल्यामुळे वर्तुळ गादीवर चिकटवलं होतं. तिथं पोचलं की माणूस आधी बसे, मग कलंडे, मग घोरे, आणि रांग अडे. शेवटी आजोबांनी तिथं गजराची दोन घड्याळं आणून ठेवली. ती आवडली म्हणून लोक तीही विकत न्यायला लागले.

बुधवारी एक गृहस्थ घड्याळाला सेल टाकायला आले. मागे रांग लागलेली, परतायला जागा नाही. ते दुपारी काकांच्या दारातून बाहेर पडले तेव्हा अंगात नवी पँट, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर गादी आणि मिश्या गायब. घरी बायकोनं दार उघडलं नाही. “गादी नकोय!” एवढंच आतून म्हणाली.

गुरुवारी साहेब आले. महामारीत त्यांनी केसांना कात्री लावली नव्हती. केस खांद्यांपर्यंत, दाढी छातीपर्यंत, गळ्यात ओळखपत्र आणि त्यावर तसाच झाडीतून डोकावणारा फोटो. ते सरळ काकांच्या दारात आले.

“साहेब, प्रवेश पलीकडून.”

“अहो, मी पाहणी करणारा आहे!”

“म्हणूनच तर सांगतोय. तुम्हीच वर्तुळं चुकवलीत तर नापास कोण होणार? मी का तुम्ही?”

साहेब विचारात पडले आणि पलीकडून आले. गादीवर ते पावणेदोन तास झोपले. दोन्ही गजर त्यांनी झोपेतच बंद केले. वहिनींनी त्यांना चष्मा चढवला, तशी त्यांनी हौसेनं खिशातली पुस्तिका काढली आणि शेवटच्या पानावरची मुंगीएवढी ओळ आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

“अरेच्चा! लहान दुकानांना वर्तुळं लागूच नाहीत!”

वर्तुळं नाहीत म्हणजे रांगही नाही. भिंतीच्या दारातून काकांचा चेहरा दिसत होता, पांढराफटक. वहिनींनी झटकन चष्मा काढून घेतला.

“नंबर चुकलाय तुमचा. आता वाचा बघू?”

“आता काहीच दिसत नाही.”

“मग बरोबर आहे. चला पुढे.”

मास्तरांनी माप घेतलं. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, ‘फुस्स’ झालं, आणि साहेब खाली जाता जाता काकांनी त्यांची कटिंग आणि दाढी असा काही जीव ओतून केली की आरशात पाहून ते स्वतःलाच “आपण कोण?” असं विचारणार होते. अहवालावर ‘पास’ लिहून ते खुशीत गेले.

तासाभरात परत आले.

“कार्यालयाचा दारवान आत सोडत नाही! म्हणतो, कार्डावरचा माणूस तुम्ही नव्हे. केस परत लावा!”

“लावता येत नाहीत हो. उगवावे लागतील.”

“किती दिवस?”

काकांनी टेपनं फोटो मोजला. “अकरा महिने. दाढी धरून.”

काकांची खुर्ची अकरा महिने लांबली. तेवढे दिवस साहेब रोज सकाळी आठव्या वर्तुळावर हजर राहायचे आणि दिवसभर गादीवर केस वाढवायचे. झोपेत लवकर वाढतात, असं गादीवाल्यानंच त्यांना सांगितलं होतं. खुद्द साहेब रोज रांगेत असतात म्हटल्यावर रांग दुप्पट झाली. खुर्ची खचते याची तक्रार कुणी करेना. इतकं उभं राहिल्यावर माणसाला खचणारी का होईना, पण खुर्ची लागते.

बाराव्या महिन्यात कार्ड जुळलं, अहवाल आत गेला आणि नवी खुर्ची आली. चार हमालांनी ती पलीकडून आणली, एकेका वर्तुळावर टेकवत. मास्तरांनी वाटेत तिच्या खोळीचं माप घेतलं.

काका तिच्यावर पहिलंच गिऱ्हाईक बसवत होते, तेवढ्यात रस्ता ओलांडून मेहुणा आला. त्याच्या दुकानात महिन्याभरात माणूस फिरकलं नव्हतं. सगळे इकडे रांगेत.

“दाजी,” तो दारातूनच हळू आवाजात म्हणाला, “एखादं वर्तुळ माझ्याकडेही... नाहीतर इथं केस झाडायला माणूस लागत असेल तर...”

काकांनी कात्री खाली ठेवली. बोलावं की नाही, या विचारात ते काकूंकडे बघायला लागले. काकू नव्या खुर्चीवरची धूळ पदरानं पुसत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“दादा,” त्या म्हणाल्या, “प्रवेश पलीकडून आहे.”

दादा पलीकडून गेला. त्याला आता दोन आठवडे झाले. गादीवाला म्हणतो, घोरण्यावरून माणूस तोच असावा.