सख्खा मामा

शिवमूर्तीअप्पांना बहिणी किती, हे लातूर जिल्ह्याच्या जनगणनेलाही सांगता आलं नसतं. दर जूनमध्ये त्यांची कुठली ना कुठली भाची किंवा भाचा कॉलेजात दाखल होई. मुरुडचा पाटील, औशाचा शेख, निलंग्याचा कांबळे, सगळे भाचे. आणि अप्पा सगळ्यांचे 'सख्खे मामा'. एका कारकुनानं न राहवून विचारलं होतं, "अप्पा, शेखाचे मामा तुम्ही कसे?"

अप्पा म्हणाले, "आईकडून."

कारकुनानं शिक्का मारला.

अप्पांचं लातूरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, सुतळी, दोर आणि बारदान्याचं दुकान. दुष्काळ असा की मोंढ्यात धान्यच येईना, मग पोती कोण घेणार? त्यात जिल्हा नुकताच नवा झालेला. लातूरला कलेक्टर आले, पण निम्मी दप्तरं अजून उस्मानाबादेतच. कुठला दाखला कुठं मिळतो हे लोकांना ठाऊक नव्हतं, आणि कचेरीलाही नव्हतं. घरातलं पहिलंच पोरगं दहावीच्या पुढं सरकलं की बाप मोंढ्यात येऊन टेकायचे. अप्पा दुकानाच्या फळ्या लावायचे, भर उन्हात काळा कोट चढवायचे, कपाळावरचं भस्म ताजं करायचे आणि निघायचे.

"बापानं बोलायचं न्हाई," हा पहिला नियम. "बाप मिंधा असतोय. लग्नात पोरीच्या पाठीमागं कोन उभा राहतोय? मामा. हे बी लगीनच हाय."

यावरून कुणाला वाटेल, अप्पांना प्रवेशातलं काही कळत असावं. तसं काही नव्हतं. अकरावी सायन्सचे गट त्यांनी स्वतःच्या अकलेनं लावले होते. "अ म्हंजे अवघड, ब म्हंजे बरा." इंजिनिअर व्हायला निघालेली कित्येक पोरं त्यांनी ब गटात बेडूक कापायला बसवली. त्यातला एक पुढं डॉक्टर झाला, ते श्रेयही अप्पांनीच घेतलं.

दरवर्षी आणखी एक खूळ. नागपंचमी आली, लेकी माहेरी यायला लागल्या की दुकानासमोरच्या कडुलिंबाला नव्या दोराचा झोका बांधायचे. "कुणासाठी?" विचारलं तर म्हणत, "दोर टांगला न्हाई तर कुजतोय." गल्लीतल्या पोरी झोके घ्यायच्या, अप्पा दुकानाच्या फळीवर बसून दोराकडं बघायचे.

मी शाळामास्तर. मला अप्पांची गरज नाही, असं माझं पक्कं मत होतं. माझ्या बहिणीची शकू बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं बोलावणं आलं. आमच्या दाजींचा, म्हणजे शकूच्या वडिलांचा, मुक्काम जनावरांच्या छावणीत. ते म्हणाले, "मास्तर, तुम्हीच जावा. पन अप्पास्नी संगं घ्या." हे मला लागलं. पण वाद घालायला सवड नव्हती. ही जागा हुकली तर दिवाळीनंतर शकूचं लग्न, असं तिच्या चुलत्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलगाही बघून ठेवला होता.

विष्णुपुरीचं धरण दिसलं तसे अप्पा एस.टी.च्या खिडकीतून अर्धे बाहेर आले. आमच्याकडं टँकरमागं घागरी पळत होत्या. "हितं पानीबी हाय आन् कालेजबी? मंग हितंच घालू हिला."

फॉर्म मी भरला होता, मोत्यासारख्या अक्षरात. कारकुनानं तो दाखल्याशेजारी धरला. "दाखल्यावर जिल्हा लातूर. फॉर्मवर उस्मानाबाद. मुलगी नेमकी कुठली?"

हात सवयीनं जुना जिल्हा लिहून गेला होता. मी खुलासा सुरू केला, तो निजामापासून. मी रझाकारांपर्यंत आलो तोवर कारकुनाचा चहा संपला. तो म्हणाला, "पाच वाजता खिडकी बंद. जिल्हा जुळला नाही तर जागा पुढच्याला जाते." शकू ओढणीचं टोक पिळत राहिली.

मग कोटाची बटणं लावून अप्पा पुढं झाले.

"तुम्ही कोण?"

"सख्खा मामा."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. "आणि तुम्ही?"

आता आयुष्यात पहिल्यांदा मला माझं नातं आठवेना. "मी... शेजारी," मी म्हणालो. तेवढ्या धास्तीतही शकूला हसू फुटलं.

"सायब," अप्पा म्हणाले, "पोरगी जागची हलली न्हाई. जिल्हा उठून गेला. धरायचं तर त्याला धरा. हिला कामून धरून राहिलात?"

कारकून हसला. फॉर्म घेऊन आत साहेबांकडं गेला, हसतच बाहेर आला आणि माझ्या मोत्यांवर लाल रेघ ओढून त्यानं वर 'लातूर' लिहिलं. शकूला जागा मिळाली.

परतताना गाडीत मी विचारलं, "अप्पा, खऱ्या बहिणी किती हो?"

"एकबी न्हाई. एकुलता हाव. घरची बाई गेली, लेकरू न्हाई." खिडकीतून काटक्या झालेली रानं मागं जात होती. "म्हनून तर इतक्या बहिनी परवडतात, मास्तर."

मी हसायला हवं होतं, बहुधा.

पुढच्या वर्षीच्या पंचमीला शकू नांदेडहून निघाली. तिला उतरवून घेऊन औशाला तिच्या घरी पोचवायचं काम माझं. मी लातूरच्या स्टँडवर पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाली, "मामा, आधी मामाकडं जाऊन येऊ."

लिंबाला झोका बांधलेला होता. अप्पा दुकानाच्या फळीवर होते. शकू वाकून पाया पडली आणि सरळ झोक्यावर जाऊन बसली.

"औशाला जायाचं सोडून हितं कामून आलीस? आई वाट बघून राहिली आसंल."

"पंचमीला पोरी कुठं येतात, मामा?" शकू म्हणाली. "झोका द्या की."

लातूरच्या कारकुनांना गार करणारे अप्पा उठले, आमच्याकडं पाठ करून झोक्याच्या दोराची गाठ तपासू लागले. गाठ पक्की होती. बांधली त्यांनीच होती. तरी बराच वेळ ते ती आवळत राहिले.