नव्या गादीचे दोन किल्लेदार आणि राणीसाहेबांचे गाणे

॥ श्री ॥ अखंड वीजपुरवठ्यास नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, दिवाळीचा पाडवा, ते दिवशी जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. तिखटमीठ अधिक लागल्यास ते आमचे पदरचे.

राजे महिपतराव यांचे संगणकराज्यी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम वृद्ध होऊन निवर्तली, आणि नवी गादीवर बसली, आणि राजांस धास्ती पडली. कारण की, मागले साली 'आपणांस बक्षीस लागले' म्हणोन खलिता ईमेलाने आला, तो राजांनी हर्षभरे स्वहस्ते उघडिला, आणि व्हायरसाची फौज आत शिरोन मुलूख लुटोन गेली. राणी सगुणाबाईसाहेबांचे तरुणपणीचे गाणे तेवढे पेनड्राइव्हात होते म्हणोन वाचले. पुढे राणीसाहेबांचा गळा बसला तो बसलाच, आणि त्यांचा गाता आवाज जगात तेवढाच उरला. पाडव्यास त्या बोलिल्या, "ओवाळणीत मला साडी नको नि दागिना नको. नव्या गादीवर माझं गाणं ऐकवा, बस्स!" राजे म्हणाले, "एवढंच ना? आत्ता लावतो!"

मग पेनड्राइव्हातील गाणे, मागे नक्कल न ठेविता, आत आणिले. ऐशियास नव्या गादीसमागमे एक अँटिव्हायरस किल्लेदार दरवाजावर आधीच हजर होता, तरी राजांनी बाजारातून दुसरा झुपकेदार मिशांचा आणविला. राजकन्या चिमाबाई कारभार पाहात, त्या कळवळोन म्हणाल्या, "आबासाहेब, एका दरवाजावर एकच किल्लेदार ठेवतात हो!" राजे म्हणाले, "तू गप गं! दोघे असले म्हणजे दुप्पट पहारा." जाहले! किल्लेदारांनी एकमेकांस पाहिले, आणि हा त्यास चोर म्हणे, आणि तो यास चोर म्हणे, आणि दोघे झोंबले, आणि पडद्यावर चक्र गरगर फिरो लागले, आणि माउसाचा बाण जागीच थिजला. त्या धुमश्चक्रीत मिशीवाल्याने राणीसाहेबांचे गाणे पकडिले. ते कॅसेटीवरून उतरविताना राजांनीच कोणा फुकट्या प्रोग्रामाचे गाठोड्यात बांधिले होते, आणि त्या प्रोग्रामाचा वहीम येऊन अवघे गाठोडे बंदीखान्यात पडले. मग पडद्यावर सवाल उमटला, 'नष्ट करावे काय?' राजांनी घाबरोन 'होय' दाबावयास बोट उचलिले. चिमाबाईंनी झडप घालोन मनगट धरिले आणि ओरडिल्या, "आबा! त्यात आईसाहेबांचं गाणं आहे!" राजे पांढरेफटक पडिले.

मग चिमाबाईंनी मिशीवाल्यापासोन गाणे तेवढे सोडविले, फुकट्या प्रोग्रामास हद्दपार केले, आणि मिशीवाल्यास नारळ दिला. मग गादीसोबत आलेला मीडिया प्लेयर, म्हणजे दरबारी गवई, पाचारिला. अंगरखा काय, रुबाब काय! परंतु गाणे पुढे ठेविताच म्हणतो, "ही जुन्या घडणीची चीज आम्हांस येत नाही." मेला नुसता शोभेचा! मग डोईस नारिंगी निमुळती टोपी घातलेला एक बिनपगारी गवई, म्हणजे फुकट मिळणारा दुसरा प्लेयर, आणविला. त्याने ना सलाम केला ना नखरा केला, थेट गाणे सुरू केले.

राणीसाहेब ऐकता ऐकता डोळे पुसो लागल्या. गाणे सरले, त्यातच भरलेल्या जुन्या जलशाच्या टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांतून कोणी तरुण बेंबीच्या देठापासोन ओरडला, "वन्समोर! वन्समोर!"

राणीसाहेब चमकल्या. "अहो, हा तर तुमचा आवाज! तुम्ही तर सांगत होतात, मला पहिल्यांदा पाहिलंत ते कांदेपोह्यांच्या दिवशी?"

राजांचे कान लाल जाहले. म्हणाले, "मग काय सांगणार? मुलगी मीच पसंत करून आलोय हे मातोश्रींना कळलं असतं, तर पोहे तरी झाले असते का?"

चिमाबाई हसोन हसोन खुर्चीवरोन घसरल्या. राणीसाहेब मात्र लाजोन बोलिल्या, "लबाड!"

सारांश, दरवाजावर किल्लेदार एकच राहिला, नारिंगी टोपीवाला दरबारी रुजू जाहला, आणि राणीसाहेबांनी स्वहस्ते गाणे फिरोन लाविले. महिपतरावांचा वन्समोर इतक्या वर्षांनी मंजूर जाहला.