एलोजीकाकांचे राजे

महाडला आमच्या शेजारचे एलोजीकाका तेली सकाळपासून राजेलोकांना फैलावर घ्यायचे. घाण्याला बैल जुंपला की सुरुवात. "शाऊल उंच होता, पण कानाचा हलका! आणि शलमोन? एवढा शहाणा, पण बायकांपुढं अक्कल गहाण!" नवं गिऱ्हाईक बिचकून विचारी, "ही माणसं कुठल्या आळीतली?"

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, आमचे शनवार तेली. शनिवारी घाणा बंद. हिब्रू शास्त्रातला राजांचा इतिहास त्यांना मराठीतून तोंडपाठ होता आणि सणाला ते त्यावर कीर्तन करत. पेटीवर मी, शाळामास्तर. त्यांचा दावीद राजा यार्देन नदी ओलांडायचा ती थेट आमच्या सावित्री नदीच्या तरीतून, आणि बंडखोर अबशालोम चालून यायचा कशेडी घाटातून. मी हरकत घेतली तर म्हणत, "गुरुजी, वळखीचा घाट असल्याबिगर लोकांना बंड कसं कळंल?"

अभिमान मात्र एकाच गोष्टीचा. "आमच्या लिवणाऱ्यानं राजाची भीड नाय ठेवली. दावीदानं दुसऱ्याची बायको नेली, तेबी लिवलं. भाटगिरी निराळी, इतिहास निराळा!" हे सांगताना त्यांची छाती फुगायची, आणि खरं सांगतो, माझीही.

तरी काका स्वतः एक जागा गाळायचे. अबशालोम हा दावीदाचाच मुलगा. त्याचं बंड मोडलं की काका लगेच शेवटचं पद म्हणून मोकळे. का, ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. काकांचा मुलगा दान्याल घाणा नको म्हणून भांडून मुंबईला गिरणीत गेला होता, आणि पुन्हा तोंड दाखवू नको असं काकांनीच त्याला बजावलं होतं.

एका वर्षी सणाच्या कीर्तनात मी शेवटचं पद धरलं, तर त्यांनी पेटीवर हात ठेवला. "थांबा, गुरुजी. लिवणाऱ्यानं गाळलं नाय. मी कोण गाळणार?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. जासूद धावत येऊन फत्ते झाल्याचं सांगतोय, आणि राजा विचारतोय फक्त पोराचं, "माझा पोर बरा हाय ना?" पोर मेला होता. एवढा मोठा राजा पोरासाठी ओक्साबोक्शी रडला, हे त्यांनी भर मांडवात, डोळे न पुसता सांगितलं. मला त्यांचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

मी पेटी आवरत होतो, तेव्हा काका जवळ येऊन बसले.

"राजाला उशीर झाला हो, गुरुजी," ते म्हणाले. "माझा हाय अजून. दासगावहून मुंबईची बोट कधी सुटते?"