भिकानाना पेटीवाले

धरणगावचे भिकानाना माणसाला रामराम घालण्याआधी त्याच्या घरातलं लाकूड वाजवून बघतात. दार, पाट, खाट, जे हाताशी येईल त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. "जिवत शे", म्हणजे जिवंत आहे, किंवा "मरेल शे", म्हणजे मेलेलं.

माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही दिलेला नवाकोरा पलंग त्यांनी व्याह्यांसमोर वाजवला आणि भर मांडवात जाहीर केलं, "भुसा शे बठ्ठा!" विहीणबाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

नाना जुन्या पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या दीपनगर कॉलनीच्या भजनी मंडळाची पेटी फार जुनी, अस्सल सागाची. नाना तिच्या कोपऱ्यांवरून हात फिरवत सांगतात, "देख भाऊ, खाचेमा खाच बसाडेल शे. एक खिळा नही." हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

कारण ती पेटी नानांकडे न्यायचं काम माझं. वीज केंद्रातून निवृत्त झालो म्हणजे हा माणूस रिकामा, असं मंडळाने ठरवून टाकलंय. दर चार-पाच महिन्यांनी एक सूर मुका होतो. मग दोन एसट्या बदलायच्या, धूड मांडीवर घ्यायचं आणि कुरकुरणारे गुडघे सांभाळत धरणगाव गाठायचं. नाना पेटी उघडतात, सुराच्या पितळी जिभेखालून चिमट्याने पांढरा पुंजका काढतात आणि म्हणतात, "कापूस! कोठे बी घुसस." पाच मिनिटांचं काम. पण पेटी संध्याकाळपर्यंत सुटत नाही. "बस भाऊ, चहा टाकस." मग सुरतेला गेलेली मुलं, वारलेली बायको, आणि हल्ली कोणीच पेटी आणत नाही हे सगळं ऐकायचं. निघताना ठरलेला प्रश्न, "आते कधी येशी?"

गेल्या महिन्यात पेटी पुन्हा मुकी झाली. मंडळाचे चौधरी वैतागले. "विकून टाका हो हे लाकूड. बटणांची इलेक्ट्रॉनिक घेऊ." मलाही वीट आला होता. म्हटलं, इतक्यांदा पाहिलंय, आपणच उघडू.

उघडली. आत सगळीकडे आमची राख. दीपनगरात वीज केंद्राच्या चिमणीची राख कशावर बसत नाही? वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, पोळीवरसुद्धा. आणि त्या राखेत, मुक्या जिभेखाली, कापसाची वळलेली बारीक वात.

मी तीस वर्षं या कॉलनीत आहे. इथे कापूस उडताना एकदाही पाहिलेला नाही.

आधी संतापलो. एसटीचे ते सगळे धक्के आठवले. मग कौतुक वाटलं. वात आत कुठे सैल ठेवली म्हणजे भाता मारून मारून चार महिन्यांनी बरोबर जिभेखाली सरकेल, हा अंदाज नानांखेरीज कोणाला येणार? आणि मग नानांचं ते दुकान आठवलं. भिंतीलगतच्या रिकाम्या फळ्या. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

वात काढून वाजवून पाहिलं. पेटी ठणठणीत. चौधरींना सांगितलं असतं तर कटकट कायमची मिटली असती. मी वात परत होती तिथे सरकवली आणि चौधरींना म्हटलं, "पेटी विकायची नाही. गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी धरणगावला गेलो. नानांनी पेटी वाजवली, उघडली, चिमटा घातला.

"देख भाऊ, कापूस! कोठे बी घुसस."

"हो ना नाना," मी म्हणालो, "आमच्या दीपनगरात हल्ली फारच उडतो."

नानांनी वात बोटांनी पुन्हा नीट वळली आणि खिशात ठेवली. मग चहा टाकायला उठले. जाता जाता वाकले आणि माझ्या गुडघ्यावर बोटाने टकटक केलं.

"जिवत शे," म्हणाले.