वरचं कार्ड

"मग माझं कार्ड काय कचऱ्यात टाकणार?" नव्या ग्राफिक्स कार्डाचं खोकं बघताच श्यु-हुईनं विचारलं आणि यु-शेंगच्या आनंदावर विरजण पडलं. काँप्युटरमधलं जुनं कार्ड तिनं लग्नाआधी ताइपेला सकाळपासून रांगेत उभं राहून त्याच्यासाठी मिळवलं होतं.

"टाकतोय कशाला? एका काँप्युटरात दोन्ही बसतात की," तो बोलून गेला.

"मग माझं वर राहू दे. काचेतून दिसतं तिथं."

यु-शेंग शिनचूच्या चिपच्या कारखान्यात कामाला. त्यामुळे काँप्युटरमधलं त्याला सगळं कळतं, असा त्याच्यासकट सगळ्यांचा समज होता. कार्डं दोन हाडवैरी कंपन्यांची. तरी त्यानं बायकोचं वर आणि नवं खाली बसवलं. जास्त वेगाची खाच वरची, त्यामुळे खालचं नवं कार्ड रांगायला लागलं. शिवाय दोघांचं आपसात पटेना आणि भर ऑनलाइन खेळात पडदा काळा व्हायला लागला.

"तीन सामने झाले, ऐन लढाईत तू पुतळ्यासारखा उभा!" चमूचा कप्तान आ-फेंग फोनवर कडाडला. "रविवारी दोनला असंच झालं तर तुझ्या जागी माझी आतेबहीण खेळेल. बारा वर्षांची आहे, पण हलते तरी."

यु-शेंगनं कारखान्यातला हमखास उपाय केला. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथं करतात तसं मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट काँप्युटरवर ठेवलं. तारीखही तपासली, शिळं पाकीट यंत्राला चालत नाही.

"कार्डं दोन आणि पाकीट एक?" श्यु-हुई म्हणाली. "भांडणार नाहीत तर काय करतील?"

त्यानं दुसरं पाकीट आणलं. पडदा काळा तो काळाच.

रविवारी सकाळी ती भाजीला गेली तेव्हा त्यानं मनावर दगड ठेवून अदलाबदल केली. नवं वर, तिचं खाली. दोन्ही काळीच, तिला काय कळतंय! पाव तास काँप्युटर सुरेख चालला आणि पुन्हा अंधार. यु-शेंगला रडूच यायचं बाकी होतं. दोन कार्डांना वीज पुरत नसेल, या शेवटच्या आशेनं तो मोठा पॉवर सप्लाय आणायला धावला.

पावणेदोनला घामाघूम होऊन परतला, तर काँप्युटर सुरळीत चालू. शेजारी श्यु-हुई आणि तिचा धाकटा भाऊ यि-त्सुंग.

"तुझे हाल बघवेनात रे," ती म्हणाली. "शेवटी मीच मन मोठं केलं. माझं कार्ड काढून यि-त्सुंगला देऊन टाकलं. आता तुझं नवं एकटंच चालू दे."

यु-शेंगनं काचेतून पाहिलं. वरची खाच रिकामी होती.

"ताई म्हणाली वरचं काढ, मी वरचं काढलं," पिशवी छातीशी धरून यि-त्सुंग म्हणाला. "खरं ना, दाजी?"

खरं सांगायचं, तर तिचं कार्ड तिच्यामागे खाली कुणी घातलं तेही सांगावं लागणार होतं.

"तुला वाईट नाही ना वाटलं?" यु-शेंगनं बायकोला कसंबसं विचारलं.

"वाटलं ना." तिचे डोळे भरून आले होते. "पण तू तरी खूश आहेस ना?"

"खूप."

"मग हस की जरा!"

यु-शेंग हसला. यि-त्सुंग तोवर दारात बूट घालत होता.