अर्लोचं वजन आणि गोगलगायींचा दगड

मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला तेव्हा नदीन तव्यावर पॅनकेक उलटत होती, आणि वायोमिंगच्या वाऱ्यानं आपटू नये म्हणून स्वयंपाकघराचं मागचं दार नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या, अर्लोच्या, जुन्या बुटानं अडवलेलं होतं.

"एकशे शहाण्णव?" ती फोनवर म्हणाली. "बाई, तुम्ही दुसऱ्याच कुणाचा कागद बघताय. आमचा अर्लो एकशे ऐंशी पौंडांचा आहे."

नर्स ठाम होती. अर्लो बशीत तोंड घालून बसला. (बशीत चौथा पॅनकेक होता.)

फोन ठेवल्यावर नदीन रागावली नाही. हिशेब करू लागली. ते जास्त वाईट होतं.

दर उन्हाळ्यात दोघं माळावरच्या सरकारी जमिनीत गोगलगायींचे दगड वेचायला जात. कधीकाळच्या तळ्यातल्या गोगलगायी, एकमेकींना चिकटून दगड झालेल्या. माणशी दिवसाला पंचवीस पौंड न्यायची मुभा. न्हाणीघरातला वजनकाटा सोबत असे. बादली काट्यावर ठेवली की आकडा झाकला जाई, म्हणून अर्लो बादली धरून काट्यावर चढे, नदीन आकडा वाचे आणि त्यातून त्याचे एकशे ऐंशी वजा करी. हे एकशे ऐंशी लग्नाच्या दिवशीचे, सुटातले होते.

बादली नेहमीच जास्त भरायची.

"काढ," नदीन म्हणायची. "सरकारी जमीन म्हणजे आपलीच. आपल्याच घरात कुणी चोरी करतं का?"

आणि अर्लो पोट आत ओढून चांगले चांगले दगड कुंपणाच्या खांबापाशी ठेवून यायचा.

"म्हणजे," नदीन आता म्हणाली, "तो पावाएवढा दगडसुद्धा नियमात बसत होता?"

एका अंगाला गोगलगायींची जत्रा भरलेला तो दगड तिला बुटाच्या जागी ह्याच दाराला लावायला हवा होता.

"बसत असावा," अर्लो पुटपुटला.

"गोगलगाय आणि पोटात पाय! तुझ्या पोटात तर सोळा पौंड डोनट निघाले."

शनिवारी दोघं माळावर गेली. दगड खांबापाशीच होता.

"आधी तू एकटा चढ," नदीननं फर्मावलं. अर्लोनं बूट काढले, कोट काढला, पट्टा काढला. आकडा तरी हलेना, तेव्हा एखादा पौंड वाचेल म्हणून पँटही काढली. भर वाऱ्यात तो लोकरी चड्डीवर काट्यावर उभा असताना एक गाडी येऊन थांबली.

"काही मदत हवी का, आजोबा?"

"नको," नदीन म्हणाली. "नवऱ्याचं वजन करतेय."

गाडी गेली, आणि नदीन हसत हसत खांबाला टेकून खालीच बसली. अर्लोनं एका पायात पँट चढवली, हाताला लागेल ते गाडीत कोंबलं, नदीनला बसवलं आणि गाडी पिटाळली. घरी येऊन पाहतात तर काटा आला होता, बादली आली होती, दगड खांबापाशीच.

"राहू दे," नदीन डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या शनिवारी आणू. दगड कुठं पळून जातोय?"

पुढच्या शनिवारी हिवाळ्याचा पहिला बर्फ पडला आणि माळाचा रस्ता बंद झाला. वसंतात रस्ता मोकळा झाला, तोवर नदीन राहिली नव्हती.

दाराला अजून बूटच आहे. परवा अर्लो सहज काट्यावर चढला, तर बरोबर एकशे ऐंशी भरला. दगड मात्र आणायचा राहिला आहे.